खटला 'शासन विरुद्ध आरोपी' असतो, मग खून झालेल्याच्या घरच्यांचं काय?

खुनाच्या कुठल्याही खटल्याच्या कागदावर वरच्या ओळीत 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' असं लिहिलेलं असतं आणि पुढे आरोपीचं नाव येतं. ज्याचा जीव गेला त्याचं नाव आतल्या पानांवर 'मयत' म्हणून येतं. त्याची आई, बायको, भाऊ, मुलं या कागदावर कुठेच नसतात. फार तर एखाद्याचा उल्लेख 'फिर्यादी' किंवा 'साक्षीदार क्रमांक तीन' असा होतो.

यामागे कारण आहे. आपल्या कायद्यात खून हा एका कुटुंबावर झालेला अन्याय मानला जात नाही, तो शासनाविरुद्धचा गुन्हा मानला जातो. तपास पोलीस करतात, खटला सरकारी वकील चालवतात, शिक्षा न्यायालय देतं. सूडाचं चक्र थांबावं म्हणून ही रचना आहे आणि ती योग्यच आहे. पण या रचनेत घरचे लोक बराच काळ प्रेक्षक होऊन बसले. कायद्याने त्यांना पहिल्यांदा स्पष्ट जागा दिली ती २००९ साली. त्या जागेची माहिती आजही बहुतेकांना नसते, कारण ती शोधण्याची वेळ येते तेव्हा डोकं चालण्याच्या अवस्थेत कोणीच नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे दिवसाला साधारण ७८. त्यातले २,२९५ महाराष्ट्रातले होते. सर्वांत मोठं कारण टोळीयुद्ध किंवा दरोडा नव्हतं, वादावादी होतं. बांधावरून, पैशांवरून, पार्किंगवरून झालेली भांडणं. त्यामुळे अनेकदा मारणारा ओळखीचा असतो, त्याच गल्लीत राहणारा असतो, आणि अंत्यविधीनंतर दोन्ही घरांना त्याच नळावर पाणी भरावं लागतं.

पहिल्या दोन दिवसांत काय होतं?

मृत्यू झाला की नातेवाईक येतात, तिरडी बांधली जाते, सूर्यास्ताच्या आत अंत्यविधी होतो, असा आपल्याकडचा क्रम. खुनात हा क्रमच मोडतो. मृतदेह आता पुरावा असतो. आधी पोलीस पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा करतात, म्हणजे मृतदेह कुठे, कसा, कोणत्या जखमांसह सापडला याची नोंद. मग शवविच्छेदन. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला परवानगी दिली खरी, पण खून आणि संशयास्पद मृत्यू त्यातून वगळले. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. शवागाराबाहेर रात्रभर बसलेल्या माणसांना हे कोणी सांगत नाही. त्यांना वाटतं की मुद्दाम ताटकळत ठेवलंय.

घर हेच घटनास्थळ असेल तर ते सील होऊ शकतं. कपडे, मोबाईल, दागिने, गाडी जप्त होते. त्याच वेळी घरच्यांचे जबाब घेतले जातात, आणि सुरुवातीला संशय त्यांच्यावरही असू शकतो. हा तपासाचा भाग आहे. पण ज्याचा मुलगा काल गेला त्याला 'रात्री नऊ ते अकरा तुम्ही कुठे होता?' हा प्रश्न कसा लागतो, हे ज्याचं त्यालाच कळतं.

या गडबडीत एक काम कुणा शहाण्या नातेवाइकाने अंगावर घ्यावं. एफआयआरची प्रत ताब्यात घ्यायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, तीच 'झिरो एफआयआर'. प्रत आली की नावं, वेळ, कलमं नीट वाचायची. पुढचे सगळे अर्ज, दावे आणि योजना या एका कागदावर उभ्या राहतात. मृत्यू दाखल्याच्या पाच-सहा प्रती लगेच काढून ठेवल्या, तर नंतरचे हेलपाटे वाचतात.

हे दुःख वेगळं का असतं?

आजाराने किंवा म्हातारपणाने जाणाऱ्या माणसाच्या मृत्यूला घर हळूहळू सामोरं जातं. अपघातात धक्का असतो, पण हेतू नसतो. खुनात हेतू असतो. कोणीतरी ठरवून हे केलं, हा विचार मनातून जात नाही. नातेवाईक न पाहिलेला प्रसंग मनात पुन्हापुन्हा पाहत राहतात. शेवटच्या क्षणी त्याने हाक मारली असेल का, किती वेळ लागला असेल, मी फोन उचलला असता तर. झोप जाते, दारावरची टकटक दचकवते, काहींना चिडचिड होते, काहींना काहीच वाटेनासं होतं. यातलं काहीही वेडेपणाचं लक्षण नाही.

महिनोन्महिने रोजचं जगणंच ठप्प राहिलं तर त्याला वैद्यकशास्त्रात 'प्रदीर्घ शोक विकार' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तो नोंदला आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

लहान मुलांच्या बाबतीत मोठी माणसं हमखास एक चूक करतात. 'बाबा गावाला गेलेत' असं सांगतात. मुलाला खरी गोष्ट शाळेत कळते, बहुतेक वेळा सर्वांत क्रूर शब्दांत. बारीकसारीक तपशील न देता, पण 'बाबा वारले, एका माणसाने त्यांना मारलं, पोलीस त्याचा तपास करत आहेत, यात तुझी काही चूक नाही' इतकं घरच्याच माणसाने सांगितलेलं बरं. शेवटचं वाक्य गाळू नये. मुलं स्वतःला दोष देतात.

'काहीतरी केलं असेल त्याने'

खुनानंतर घरच्यांना दुसरा मार बसतो तो कुजबुजीचा. तरुण मुलगा मारला गेला तर 'संगत वाईट असेल', बाई मारली गेली तर 'भानगड असेल'. असं का बोलतात लोक? मेलेल्याचीच काहीतरी चूक होती असं ठरवलं की बाकीच्यांना सुरक्षित वाटतं. आपण तशी चूक करत नाही, म्हणजे आपल्यावर हे येणार नाही. हिशेब सोपा असतो, आणि त्याची किंमत त्या घराला मोजावी लागते.

पूर्वी ही कुजबुज पारावर व्हायची, आता कमेंटमध्ये होते आणि कायमची राहते. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पुढे मार्च २०२५ मध्ये त्यांच्या छळाची छायाचित्रं राज्यभर मोबाईलवरून फिरली. त्या छायाचित्रांनी मोठा जनक्षोभ उसळला आणि त्याचे राजकीय परिणामही झाले, हे खरं. पण तीच छायाचित्रं त्यांच्या घरातल्या माणसांच्या फोनवरही येऊन पडत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून 'जागृतीसाठी' काही पुढे पाठवण्याआधी एक साधा प्रश्न विचारता येतो: हे पाहून ज्याला काही करता येईल अशा माणसाकडे हे जातंय का? तपास अधिकाऱ्याला व्हिडिओ द्यायचा तर तो जरूर द्यावा. गावच्या ग्रुपवर टाकून तपासाला काही मिळत नाही.

उलट तपासाचं नुकसान होऊ शकतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. साक्षीदार आरोपीला आधीपासून ओळखत नसेल तर कारागृहात ओळख परेड घेतली जाते. त्याआधीच आरोपीचा फोटो सगळीकडे फिरला असेल, तर बचावाचे वकील न्यायालयात म्हणतात की साक्षीदाराने गुन्हेगार ओळखला नाही, फोटो ओळखला. चांगल्या हेतूने केलेली 'नराधमाला ओळखा' ही पोस्ट अशी आरोपीच्या उपयोगी पडते. साक्षीदाराचं नाव किंवा चेहरा पोस्टमध्ये आला तर धोका आणखी मोठा. धमकी मिळालेल्या साक्षीदारासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महेंदर चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आहे आणि त्यासाठी अर्ज करता येतो. पण नाव एकदा सगळ्यांना कळलं की संरक्षण देणं अवघड होऊन बसतं.

काही बाबतींत तर नाव उघड करणं हाच गुन्हा आहे. बलात्कार करून खून झाला असेल, तर मृत स्त्रीचंही नाव, फोटो किंवा तिची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं. हॅशटॅगमध्ये नाव टाकणं यातच येतं. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं बंधन वेगळं आहे.

घरच्यांना कायद्याने काय दिलं आहे?

२००९ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली आणि तिच्यात पीडिताचे पालक व कायदेशीर वारसही आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही व्याख्या कायम आहे. म्हणजे खून झालेल्याचे वारस कायद्याच्या भाषेत स्वतः पीडित आहेत. पुढचे जवळजवळ सगळे हक्क याच एका शब्दातून निघतात.

पहिला हक्क माहितीचा. तपासाची प्रगती पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली पाहिजे, असं नव्या संहितेचं कलम १९३ सांगतं. हे ९० दिवस आणखी एका कारणाने लक्षात ठेवावेत. आरोपी कोठडीत असेल आणि खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. त्यामुळे ऐंशीव्या दिवसाच्या सुमारास तपास अधिकाऱ्याकडे लेखी चौकशी करण्यात काही गैर नाही. तोंडी विचारलेलं विसरलं जातं. अर्जावर पोच घेतली की फाईलमध्ये त्याची नोंद राहते.

आरोपपत्राची प्रत पूर्वी फक्त आरोपीला मिळायची. आता पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही मिळते, आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत. पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल दिला, तर फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. शासनाला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताला बोलण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही, ही तरतूद नवी आहे.

जामिनाच्या वेळी घरच्यांना बोलता येतं का? लखीमपूर खेरीत ऑक्टोबर २०२१ मध्ये शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला जामीन दिला. मृतांचे नातेवाईक सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन रद्द केला आणि सांगितलं, की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. जामिनाच्या सुनावणीत घरच्यांचा वकील उभा राहतो तो या निकालाच्या आधारावर.

मर्यादाही माहीत असलेल्या बऱ्या. घरच्यांनी स्वतःचा वकील नेमला तरी तो सरकारी वकिलाच्या मदतीला असतो. तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो, प्रश्न सुचवू शकतो, पण साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः घेऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट कुटुंबांना फार लागते. घरातला जो माणूस साक्षीदार असतो, त्याला स्वतःची साक्ष होईपर्यंत सहसा न्यायालयाच्या दालनाबाहेर थांबायला सांगतात. ज्या आईने वर्षानुवर्षं तारखेची वाट पाहिली, तीच पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेली असते. तिच्या साक्षीवर दुसऱ्यांच्या बोलण्याचा परिणाम झाला, असं उद्या कोणी म्हणू नये म्हणून ही काळजी घेतली जाते. आधी समजावून सांगितलं असेल तर ते सोसणं थोडं सोपं जातं.

आरोपी सुटला, किंवा खुनाऐवजी कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला, तर वारस स्वतः अपील करू शकतात. मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणातल्या २०१८ च्या निकालानुसार त्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही. मात्र 'शिक्षा कमी झाली, वाढवा' म्हणून अपील करायचा हक्क पीडिताला नाही. तो शासनाकडे आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रिया, बालकं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. मदतक्रमांक १५१००.

पैशाचं बोलायला लाज वाटते, पण बोलावं लागतं

कमावता माणूस गेला की तेराव्यानंतर किराणा, फी आणि हप्ते समोर उभे राहतात. अशा वेळी नुकसानभरपाई मागणं म्हणजे मृत्यूची किंमत घेणं असं अनेकांना वाटतं. काही घरं त्यामुळे अर्जच करत नाहीत.

मुख्य मार्ग 'पीडित नुकसानभरपाई योजना' हा आहे. पूर्वीचं कलम ३५७-अ, आताचं कलम ३९६. न्यायालय शिफारस करतं आणि रक्कम विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. महत्त्वाचं हे, की यासाठी आरोपी दोषी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. आरोपी सापडलाच नाही तरी वारस थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. स्त्रीचा खून झाला असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत जीवितहानीसाठी ५ ते १० लाख रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रातली 'मनोधैर्य' योजना अनेकांना आठवते, पण ती बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यासाठी आहे. केवळ खुनासाठी तिथे अर्ज करून वेळ जातो.

जातीय अत्याचारातून खून झाला असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या सुधारित नियमांनुसार ८ लाख २५ हजार रुपये मिळतात, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. याशिवाय विधवेला किंवा अवलंबितांना निवृत्तिवेतन, एकाला नोकरी, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण, गरज असेल तर घर आणि शेतजमीन, हेही नियमांत लिहिलेलं आहे. पहिली रक्कम बहुधा मिळते. बाकीच्या गोष्टींसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात पाठपुरावा करावा लागतो, कारण त्या मागितल्याशिवाय सहसा हलत नाहीत.

आणि दोन योजना अशा, ज्या खुनाशी संबंधित आहेत हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाताची मानली जाते, पण खुनाने झालेला मृत्यूही तिच्यात बसतो. रक्कम २ लाख. महाराष्ट्रातल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेच्या अपघातांच्या यादीतही खून आहे. शेतकऱ्यासाठी किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, मुदत घटनेपासून ३० दिवस. ही मुदत नेमकी त्या महिन्यात संपते ज्यात घरात कोणी उठून बसलेलंही नसतं. म्हणून मृताचं पासबुक उघडून कापलेल्या हप्त्यांच्या नोंदी पाहणं आणि सातबारा काढणं हे काम शेजाऱ्याने किंवा मित्राने करावं.

मारणारा घरातलाच असेल तर

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५ हजार स्त्रिया व मुली हेतुपुरस्सर मारल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ५१,१०० जणींना जोडीदाराने किंवा घरातल्याच माणसाने मारलं. अशा घरात मुलांच्या दृष्टीने आई गेलेली असते आणि बाप तुरुंगात असतो. आईकडचे आणि बापाकडचे दोघेही मुलांवर हक्क सांगतात, आणि मूल कधीकधी एकमेव साक्षीदार असतं.

इथे बालकल्याण समितीची मदत घ्यावी. संपर्कासाठी १०९८ हा क्रमांक आहे. नातेवाइकांकडे राहणाऱ्या अशा मुलांना महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. मालमत्तेबाबत कायदा स्पष्ट आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणारा माणूस मृताचा वारस होऊ शकत नाही. म्हणजे बायकोला मारून तिच्या नावावरच्या घरावर हक्क सांगता येत नाही.

सासर-माहेरच्या या ओढाताणीत एक गोष्ट नजरेआड होते. आरोपीच्या म्हाताऱ्या आईलाही गाव तोंड दाखवू देत नाही. तिचा नातू मृताचाही मुलगा असतो.

जाहीरपणे उभे राहिलेले नातेवाईक

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप, तिघांची निर्दोष मुक्तता. मधल्या जवळपास पावणेअकरा वर्षांत मुक्ता आणि हमीद दाभोलकर तपासावर न्यायालयाची देखरेख राहावी म्हणून उच्च न्यायालयात लढत राहिले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी 'जवाब दो' म्हणत विचारणा चालू ठेवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ते सकाळी फिरायला गेलेले असताना. त्यानंतर कोल्हापुरात 'निर्भय मॉर्निंग वॉक' सुरू झाला, माणूस ज्या रस्त्यावर पडला त्याच रस्त्यावर चालण्याचा.

दिल्लीत जेसिका लालचा १९९९ मध्ये खून झाला. साक्षीदार फितूर झाले, २००६ मध्ये आरोपी सुटले. लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. हे सगळ्यांना आठवतं. कमी जणांना हे आठवतं, की तिची बहीण सबरीना लाल हिने २०१८ मध्ये तुरुंग प्रशासनाला पत्र लिहून त्याच्या सुटकेला आपली हरकत नसल्याचं कळवलं. 'फाशी द्या' ही मागणी प्रत्येक घराची असतेच असं नाही, आणि असली तरी ती वीस वर्षं तशीच राहते असंही नाही. बाहेरच्यांनी त्यांच्या वतीने ती ठरवू नये.

ही घरं पत्रकार, वकील, संघटना यांच्यापर्यंत पोचू शकली. आपल्याकडच्या २८ हजारांतल्या बहुसंख्य घरांना असं कोणी भेटत नाही. काही देशांत यासाठी कायमची व्यवस्था उभी राहिली, आणि तिची सुरुवात बहुतेक ठिकाणी नातेवाइकांनीच केली. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात मुलीच्या खुनानंतर रॉबर्ट आणि शार्लट हलिंजर या दांपत्याने १९७८ मध्ये 'पेरेंट्स ऑफ मर्डर्ड चिल्ड्रन' ही संघटना काढली. २५ सप्टेंबर हा तिथे खून झालेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. बॉस्टनमध्ये १९९३ साली लुई ब्राउन हा पंधरा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांच्या गोळीबारात सापडून गेला. त्याच्या आईने सुरू केलेली संस्था आज नव्याने दुःखात पडलेल्या घरांना एक मार्गदर्शिका देते. अंत्यविधी कसा ठरवायचा, कोणाला फोन करायचा, खर्चाची मदत कुठे मागायची, सगळं क्रमाने. इंग्लंडमध्ये खुनाच्या तपासात कुटुंबासाठी प्रशिक्षित संपर्क अधिकारी नेमतात. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ च्या खुनात पोलिसांनी घरच्यांना दिलेल्या वागणुकीवर १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने ताशेरे ओढले, आणि या पदाला पुढचं बळ त्यातून मिळालं.

आपल्याकडे असं पद नाही. त्यामुळे घरातला किंवा ओळखीतला एकच माणूस पोलीस, वकील आणि पत्रकारांशी बोलेल असं पहिल्याच दिवशी ठरवलं, तर निदान रोज पाच जणांना तेच ते सांगावं लागत नाही. शेजाऱ्यांनी डबा द्यावा, तारखेला सोबत जावं. 'काळ हेच औषध' किंवा 'देवाची इच्छा' ही वाक्यं टाळावीत, त्याने बहुधा राग येतो. गेलेल्याचं नाव घ्यायला मात्र घाबरू नये. लोक त्याचं नावच घेईनासे झाले, ही अशा घरांची नेहमीची तक्रार असते.

निकालानंतर

शिक्षा झाली म्हणजे प्रकरण मिटलं असं नसतं. अपील होतं, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल आणि संचित रजा म्हणजे फर्लो मिळते, आणि एखाद्या दिवशी तो माणूस बाजारात समोर येतो. कैदी रजेवर आल्याने जिवाला धोका वाटत असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्यात आणि कारागृह प्रशासनाकडे आधीच लेखी हरकत देऊन ठेवावी. शिक्षेत सूट देऊन झालेली सुटकाही अंतिम नसते. बिल्किस बानो प्रकरणात, ज्याचा खटला मुंबईत चालला होता, ११ दोषींची ऑगस्ट २०२२ मधली सुटका सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द केली आणि त्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं. ती याचिका बिल्किस यांनी स्वतः केली होती.

शेवटी उरतो मुद्देमाल. मृताचा मोबाईल, घड्याळ, मंगळसूत्र, दुचाकी पोलिसांकडे किंवा न्यायालयाच्या भांडारात वर्षानुवर्षं पडून राहते. अपिलं संपेपर्यंत थांबावंच लागतं असा समज आहे, पण तो बरोबर नाही. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पंचनामा करून, छायाचित्रं काढून, हमीपत्र घेऊन वस्तू लवकर परत द्याव्यात. वस्तू पुरावा म्हणून तशीच जपून ठेवणं गरजेचं असेल तर न्यायालय नकार देऊ शकतं. तरी अर्ज करून पाहावा, आणि मोबाईलच मिळत नसेल तर त्यातले घरचे फोटो तरी उतरवून मिळावेत अशी वेगळी विनंती त्याच अर्जात करता येते.